घड्याळ कुणाच्या मनगटावर?

आपल्या बैठकांमध्ये मुलांच्या टीव्हीचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणानं जाते. मारामारी किती दाखवतात, मुलगे त्यातून काय उचलतात, जाहिराती किती वाईट, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, टीव्ही बंदच करून टाका. बंद करण्याचं काम अर्थातच आईचं. वाईटपणाही तिनंच घ्यायचा. बाप बातम्या लावून बसतो, त्यांना कुणी हात लावत नाही. या चर्चेत मला जरा आडवाटेनं शिरायचं आहे. जुन्या जपानी वीरांच्या मालिकांबद्दल, म्हणजे रबरी राक्षस, पुठ्ठ्याच्या इमारती आणि हेल्मेट घालून उड्या मारणारी माणसं यांच्याबद्दल बोलायचं आहे. हसू आलं तर हसा, पण पुढं वाचा.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मैत्रिणींना ‘जायंट रोबोट’ आठवत असेल. जपानमध्ये १९६७-६८ साली २६ भागांची ही मालिका झाली. मूळ चित्रकथा मित्सुतेरु योकोयामा यांची. आपल्याकडं ती दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात आली. तेव्हा रंगीत टीव्ही नुकता आलेला होता, आणि मुलुंड-घाटकोपरच्या चाळींत एका खोलीतल्या टीव्हीसमोर सगळा मजला बसायचा. गोष्ट साधी. दुष्ट टोळीनं एका शास्त्रज्ञाकडून प्रचंड रोबोट बनवून घेतलेला असतो. तो रोबोट ज्याचा आवाज पहिल्यांदा नोंदवेल, त्याचीच आज्ञा मानणार. योगायोगानं तो आवाज एका लहान मुलाचा निघतो. मग काय, हा जॉनी मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि डोंगराएवढा रोबोट उठून चालायला लागतो.

ज्याचा आवाज पहिला नोंदवला गेला, त्याचंच ऐकायचं. आपल्या अभ्यासवर्गात पुरुषसत्ता समजावून सांगायला आपण फळ्यावर किती बाण काढतो! इथं ती एका वाक्यात आली आहे. जॉनीच्या संघटनेत मारी नावाची एक चुणचुणीत मुलगीही असते. धाडसी असते, पण रोबोट तिचा नसतो. घड्याळ मुलाच्या मनगटावर.

आता यातली गंमत बघा. या मालिकेची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत झाली, तिच्यात जॉनीचा आवाज दिला होता बॉबी बायर्स नावाच्या बाईंनी. म्हणजे जगभरच्या पोरांनी ज्या आवाजात ‘चल रोबोट’ असं ऐकलं, तो बाईचा आवाज. हे आजही चालतं, आणि आपल्या अंगणात चालतं. अंधेरीच्या आसपासच्या स्टुडिओंतून परदेशी कार्टून हिंदीत होतात, त्यातल्या खोडकर, शूर मुलग्यांचे आवाज बऱ्याचदा बायकाच देतात. जपानच्याच निंजा हातोरीला हिंदीत आवाज दिला तो मेघना एरंडे यांनी. आवाज बाईचा चालतो, फक्त तो मुलग्याच्या तोंडून आला पाहिजे.

पण मला लिहायला बसवलं ते या विचारानं नाही. घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका वस्तीत आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी शिबिर घेतो. गाणी, खेळ, कागदकाम. यंदा कार्यकर्तीच्या मोबाइलवरून भिंतीवर जुने भाग दाखवले, ‘जायंट रोबोट’चे आणि ‘अल्ट्रामॅन’चे. खोली संध्याकाळीच मिळायची. मुलं-मुली मिळून पंचवीस-तीस जण दाटीवाटीनं बसायचे. भाषा कुणालाच कळत नव्हती आणि कुणाचं काही अडलंही नाही. राक्षस समुद्रातून वर आला की मुली मुलग्यांपेक्षा मोठ्यानं ओरडायच्या.

आणि भाग रंगात आला की बाहेरून हाक यायची. पाणी आलं! त्या गल्लीत पाणी संध्याकाळी येतं. हाकेसरशी मुली उठायच्या, नऊ-दहा वर्षांच्यासुद्धा, आणि चपला शोधत, मागे वळून भिंतीकडं बघत बाहेर पडायच्या. मुलगे बसलेले. पहिल्या दिवशी वाटलं, असेल एखाद्या घरचं. आठवडाभर तेच झालं. आठवडा संपला तेव्हा प्रत्येक राक्षस कसा मेला हे मुलग्यांना सांगता येत होतं, आणि तो कसा आला हे मुलींना.

हे मी वस्तीतल्या एका बाईला सांगितलं. पंचेचाळिशीची, चार घरची धुणीभांडी करणारी. ती म्हणाली, “अहो ताई, मी लहानपणी बघायची की रोबोट. मुलुंडला चाळीत होतो आम्ही.” मी विचारलं, शेवटी काय होतं आठवतं का? म्हणाली, “शेवट मला कुठला बघायला? आमचा दादा सांगायचा रात्री.” तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, आठवण म्हणून सांगितलं. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायका-मुली त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष-मुलगे ९७ मिनिटं. ही पाहणी सहा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची आहे, हे लक्षात ठेवा. सहा वर्षांची मुलगी या देशात कामाच्या हिशेबात धरली जाते, आणि तिला तसं धरण्यात पाहणी करणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही. करमणूक ही चैन आहे, आधी शिक्षण-आरोग्य-हिंसा बघू, असं आपणही म्हणत आलो. मला ते पटेनासं झालं आहे. वीस मिनिटं सलग, हाक न येता, काही उपयोगाचं न करता बसायला मिळणं हा मुलीचा हक्क आहे. ज्या मुलीला गोष्टीचा शेवट बघायची सवय नाही, ती पुढं मोठेपणी सभेत शेवटपर्यंत कशी बसणार? आपल्या सभांतूनही बायका पाण्याच्या आणि कुकरच्या वेळेला उठून जातात आणि ठराव नेमके त्यानंतर होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता मालिकांच्या आत काय आहे ते. १९६६ च्या ‘अल्ट्रामॅन’मध्ये राक्षसांशी लढणाऱ्या पथकात फुजी नावाची एकच बाई, आणि बहुतेक वेळा ती वायरलेसपाशी. निरोप घ्यायचे, निरोप द्यायचे. ऑफिसात टेलिफोन कुणाच्या टेबलावर ठेवतात, ते आठवा.

मग येतं १९७५. आपल्याकडं हे साल म्हटलं की आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, पुण्यातली संयुक्त स्त्रीमुक्ती परिषद, मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेची सुरुवात. जपानमध्ये त्याच वर्षी एका नूडल्सच्या जाहिरातीवरून बायकांनी रान उठवलं होतं. तिच्यात मुलगी म्हणायची मी बनवणारी आणि मुलगा म्हणायचा मी खाणारा. बायकांच्या गटानं कंपनीकडं निषेध नोंदवला आणि ती जाहिरात मागं घ्यावी लागली. त्याच १९७५ मध्ये ‘गोरेंजर’ ही मालिका सुरू झाली. पाच वीर, पाच रंग, त्यात एक बाई, आणि तिचा रंग अर्थातच गुलाबी. पण ही मोमोरेंजर नुसती शोभेची नव्हती. स्फोटकांची जाणकार तीच, आणि तिच्या कानातल्या कुड्या म्हणजे बाँब. दागिन्यांचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडं पाहिलेला नाही!

त्याच वर्षीच्या ‘कामेन रायडर स्ट्राँगर’मध्ये टॅकल नावाची लढवय्यी होती. नायकाला ज्या दुष्ट संघटनेनं बदललं, तिनंच हिलाही बदललेलं. दोघं बरोबरीनं लढतात. तो रायडर म्हणवला जातो, ती नाही. मालिका संपण्याआधी ती प्राण देऊन शत्रूला संपवते. काम सारखं, हुद्दा वेगळा. आपल्या अंगणवाडी सेविका शासनाचं काम करूनही ‘मानसेवी’ आणि त्यांचा पगार ‘मानधन’, तशातलीच ही गत. एका गटात दोन बायका यायला १९८४ ची ‘बायोमॅन’ उजाडावी लागली.

केबल आल्यानंतर ज्या ‘पॉवर रेंजर्स’नी आपल्या घरांत धुमाकूळ घातला, ती मालिकाही याच वंशातली. अमेरिकनांनी १९९३ मध्ये जपानी मालिकेतली लढाईची दृश्यं उचलली आणि मधला भाग आपल्या नटनट्यांना घेऊन नव्यानं काढला. त्यात पिवळ्या रंगाची त्रिनी आणि गुलाबी रंगाची किंबर्ली अशा दोन मुली आहेत. नीट बघा, लढाईच्या वेळी गुलाबीच्या पोशाखाला झालर आहे, पिवळीच्या पोशाखाला नाही. कारण जपानी मालिकेत पिवळा हा मुलगा होता. झालरीशिवाय लढलेली ती पोरगी म्हणजे एक हिशेबातली गफलत. पण टीव्हीसमोर बसलेल्या मुलींना हा हिशेब कुठं ठाऊक होता? त्यांनी एक बिनझालरीची मुलगी पाहिली, एवढंच. कधीकधी आपल्या पदरात अशा चुकूनच गोष्टी पडतात, आणि त्या परत करायची काही गरज नाही.

मुखवट्याच्या आत कोण, हा प्रश्नही आहेच. जपानी मालिकांत अनेक वर्षं स्त्री-पात्राचा पोशाख घालून उड्या मारणारा बऱ्याचदा पुरुष असे. आपल्याकडं हिंदी सिनेमात विग घालून नायिकेच्या जागी पडणारे पुरुष होतेच. पण इथंही ते १९७५ साल आहे. ‘शोले’त हेमामालिनीच्या जागी टांगा उधळवणारी बाई होती, रेश्मा पठाण. स्टंट कलाकारांच्या संघटनेतली ती पहिली स्त्री. उलटलेल्या टांग्याचा मार तिच्या अंगावर, टाळ्या बसंतीला. २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा कुठं नाव लोकांपर्यंत पोचलं. जपानी मुखवट्यानं पुरुषाला झाकलं, आपल्या कॅमेऱ्यानं बाईला.

आपल्या देशी वीराबद्दल थोडक्यातच. १९९७ ते २००५ ‘शक्तिमान’ चाललं. त्यातली गीता विश्वास पत्रकार होती, नोकरी करणारी, एकटी फिरणारी, आणि कितीतरी मुलींना ती आवडायची. २०२० मध्ये शक्तिमान झालेल्या मुकेश खन्नांची एक जुनी मुलाखत पसरली. बायका कामासाठी बाहेर पडल्या तिथून ‘मी टू’चा प्रश्न सुरू झाला, अशा अर्थाचं ते तिच्यात बोलले होते. मग खुलासाही केला, की बायकांच्या नोकरीला विरोध नाही. असो. गीता विश्वासला हे ऐकून काय वाटलं असतं, ते मुलींनाच विचारावं. त्यापेक्षा मला १९८५ ची ‘रजनी’ जवळची वाटते. ना रोबोट, ना घड्याळ, ना गिरक्या. प्रिया तेंडुलकर नुसती दारात उभी राहून गॅसवाल्याला जाब विचारायची.

राहता राहिली हिंसा. मारामारी मलाही फारशी आवडत नाही. पण रबरी राक्षसाला बसलेला ठोसा आणि पलीकडच्या खोलीतून ऐकू येणारा ठोसा, यांतला फरक वस्तीतल्या मुलांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. त्यांच्यासमोर ‘टीव्हीमुळं मुलं बिघडतात’ म्हणणं म्हणजे खऱ्या मारेकऱ्याला सोडून पुठ्ठ्याच्या पुतळ्यावर खटला भरणं. बंदीपेक्षा शेजारी बसून बघावं आणि मधेच विचारावं, घड्याळ मारीकडं असतं तर? आमच्याकडं हा प्रश्न टाकल्यावर एक मुलगा पटकन म्हणाला, “तिला जमलं नसतं.” का, ते त्याला सांगता येईना. पाण्याला जायला अजून अवकाश होता, म्हणून मुलींनी त्याला सोडलं नाही.

‘जायंट रोबोट’चा शेवट ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. दुष्टांचा सम्राट स्वतःचाच बाँब करतो. त्याच्यावर वार केला तर पृथ्वीच उडेल. तेव्हा रोबोट त्याला उचलून अवकाशात घेऊन जातो आणि एका उल्केवर आदळतो. खालून जॉनी घड्याळात ओरडत असतो, परत ये. सबंध मालिकेत आज्ञेबाहेर न गेलेला रोबोट त्या वेळी ऐकत नाही.

हा भाग आम्ही त्या पंचेचाळिशीच्या बाईलाही बोलावून दाखवला, रविवारी दुपारी, पाण्याची वेळ टाळून. ती बघता बघता रडली आणि मग म्हणाली, “दादा म्हणायचा रोबोट जिंकला. मेला हे नव्हतं सांगितलं त्यानं.” पुढच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी दुपारी दोनची वेळ मिळते का ते बघतो आहोत. नाहीच मिळाली, तर पाणी भरण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहायच्या, मुलग्यांच्या नावांनिशी, असं मुलींनी ठरवलं आहे. दोन आयांचा याला विरोध आहे. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.