वाटांची नावे कोण लिहिणार?

भाषेच्या भवितव्याची चिंता वाहण्यात आपले मंडळ कधी मागे राहिले, असे कोणी म्हणणार नाही. पाट्यांवरील नावांसाठी निवेदने झाली, ठराव झाले, टाळ्याही झाल्या. परंतु बेळगाव-खानापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या ज्या वाटांनी आपले पूर्वज कोकणात आणि गोव्यात चढले-उतरले, त्या वाटांवरील एका झऱ्याचे किंवा एका खिंडीचे नाव तरी आम्ही कागदावर उतरविले काय? नाही. हा आरोप आम्ही प्रथम स्वतःवरच ठेवतो.

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जाणारा बेळगावचा माल एके काळी रामघाटाने उतरत असे. पुढे गाडीरस्ते झाले आणि पायवाटांचे प्रयोजन सरले. वाट मोडली की ती रानात हरवते. पण तिच्यावरील नावे त्याआधीच हरवतात. मागे एका वृद्ध गवळ्यासोबत आम्ही अशीच एक वाट चाललो. तीन तासांच्या चालीत त्याने बावीस नावे सांगितली. ओझे टेकण्याचा दगड, गुरांचे पाणी, दांडावरचा वारा जेथे प्रथम लागतो ती जागा, प्रत्येकीस वेगळे नाव! आमच्या जवळच्या छापील नकाशात त्यांपैकी दोनच होती. भीमगड अभयारण्यातील तळेवाडीच्या कुटुंबांच्या स्थलांतराला २०२५ मध्ये प्रारंभ झाला. ते योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. पण माणसे उठली की नावेही उठतात, एवढे तरी आम्हांस कळावयास हवे.

‘हे तंत्रज्ञांचे काम, साहित्यिकांचे नव्हे,’ असे आम्हांस ऐकविले जाते. हे अज्ञान आता शोभणारे नाही. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम राखलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून मुठीत मावणारे यंत्र मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांच्या फरकाने जागा सांगू लागले. यंत्र सुरू करावे, निदान चार उपग्रह सापडेपर्यंत थांबावे आणि चालू लागावे. वाटेची रेघ ते स्वतःच नोंदविते. फाटा, पाणवठा, देवराई आली की खूण करावी आणि त्याच क्षणी वहीत नाव लिहावे. दाट झाडीत आणि अरुंद घळीत संकेत कड्यांवर आपटून येतात, रेघ भरकटते. म्हणून तीच वाट जाता-येता दोनदा नोंदवावी. घरी संगणकावर क्यूजीआयएससारख्या विनामूल्य प्रणालीत ही रेघ उघडावी. भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विनामूल्य खुले केले. ते खाली अंथरावे. जुन्या सर्वेक्षण-नकाशांची बैठक एव्हरेस्ट मानकावर आणि जीपीएसची डब्ल्यूजीएस-८४ वर असल्यामुळे, ते रूपांतर न केल्यास वाट ओढ्यापलीकडे जाऊन पडते. एवढे सांभाळले की उरते ते नावे लिहिण्याचे काम, आणि ते भाषेचेच काम आहे.

ते भाषेचे कसे, हे पाहावे. रोमन लिपीत ल आणि ळ, त आणि ट, द आणि ड यांचा भेद उरत नाही. नकाशावरची तळेवाडी परत देवनागरीत आणताना ‘तालेवाडी’ होते, उद्या ‘टाळेवाडी’ही होईल, आणि ज्या तळ्यावरून नाव पडले ते तळे त्यात बुडून जाईल. हौशी गिर्यारोहक आपली रेघ सर्वांसाठी खुली करतात, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे. पण त्यांच्या नोंदींत ‘वॉटरफॉल वन’ आणि ‘व्ह्यू पॉइंट टू’ यांखेरीज काही नसते. नाव विचारण्यासाठी थांबावे लागते, विचारणाऱ्यास बोली समजावी लागते. ती समज असणारे आम्ही मात्र सभागृहात बसून आहोत.

दोन आक्षेप मात्र आम्ही गंभीर मानतो. पहिला असा की, नकाशा झाला की गर्दी येते, रान नासते. खरे आहे. भीमगडच्या बारापेडे गुहांत रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळासारखा दुर्मीळ जीव राहतो. अशा जागांचे अचूक अक्षांश-रेखांश छापण्याचे काहीच कारण नाही. वनखात्याच्या अनुमतीवाचून अभयारण्यात पाऊल टाकू नये, हेही उघडच आहे. जे छापावयाचे नाही ते मंडळाच्या दप्तरात राहू द्यावे. पण लपविण्यासाठीही आधी नोंद हवी. विसरलेले लपविता येत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच मनातला आहे. नावे लिहिण्याच्या निमित्ताने हक्क सांगण्याचा मोह होईल. त्या वृद्धाने सांगितलेल्या नावांत काही मराठी होती, काही कोंकणी, काही निखळ कन्नड. आम्ही बावीसच्या बावीस लिहिली, जशी ऐकली तशी. एकाही नावास शुद्ध करण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्यास केवळ आपल्या भाषेची नावे हवीत, त्यास वाट नको असते, सीमारेषा हवी असते. बेळगावात इतकी वर्षे राहून आपण एवढेही शिकलो नसलो, तर आपल्या ठरावांना काय अर्थ?

म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. येत्या हिवाळ्यात मंडळाने एक यंत्र घ्यावे. एका व्याख्यानमालेच्या खर्चात ते सहज बसेल. घाटाखालचे एक गाव, वरचे एक गाव आणि मधली एक वाट निवडावी. सोबत एक म्हातारा किंवा म्हातारी आणि यंत्र हाताळणारी दोन तरुण मुले असावीत. ते यंत्र नातवंडांना आपल्यापेक्षा लवकर समजेल. नाव कसे ऐकावे हे त्यांना आपण शिकवावे. १:२५,००० प्रमाणाचा, देवनागरीत नावे असलेला नकाशा याच पत्रिकेतून छापावा आणि त्याची पहिली प्रत नावे सांगणाऱ्याच्या हाती द्यावी.

तो गवळी मागील वर्षी गेला. बावीस नावे आमच्या वहीत आहेत. त्याच्या शेजारच्या वाटेवरची नावे कोणाच्याच वहीत नाहीत.