इंजेक्शननंतरची तगमग म्हणजे नाटक नव्हे



अल क्वोजच्या औद्योगिक भागात वर्कशॉप, गोदामं आणि लेबर कॅम्प एकमेकांना लागून आहेत. समजा, तिथल्या एका वेल्डरला उलट्या होतात. क्लिनिकमध्ये मेटोक्लोप्रमाइडचं, म्हणजे आपल्याकडच्या पेरीनॉर्मचं, इंजेक्शन मिळतं. उलट्या थांबतात, पण थोड्याच वेळात त्याला एका जागी बसवत नाही. पाय स्वस्थ राहत नाहीत, पळून जावंसं वाटतं. फोरमन म्हणतो, सुट्टीसाठी नाटक. खोलीतले म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलं.

दोघंही चुकतात. हे औषध मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतं, त्यातून काहींना ही तगमग होते. वैद्यकात तिला अकॅथिसिया म्हणतात. स्टेमेटिलनेही ती होऊ शकते. औषध थांबवल्यावर ती बहुधा ओसरते. शिरेतून घाईने दिल्यास धोका वाढतो. २०१३ साली युरोपच्या औषध नियामकाने किमान ३ मिनिटं घेऊन हळू द्या, असं बजावलं.

आपण डॉक्टरला इंग्रजीत चार प्रश्न विचारतो. वेल्डरला ते जमत नाही, वर त्याचा खाडा लागतो. शिवाय उष्माघातातही माणूस असाच सैरभैर होतो. म्हणून ‘नाटक’ म्हणून हाकलणं जिवावर बेतू शकतं.

आपल्यातले कितीतरी जण इथे डॉक्टर, सेफ्टी ऑफिसर, एचआरमध्ये आहेत. सुईआधी रुग्णाच्या भाषेत एक वाक्य सांगायला काय लागतं? “बेचैन वाटलं तर लगेच परत या, औषधामुळे तसं होऊ शकतं.” अंधश्रद्धा निर्मूलन इथूनही सुरू होतं.