जर-तर वजा केल्यावर

दुखापतीने अर्ध्यावर थांबलेल्या खेळाडूवर चाहत्यांनी किती काळ जीव लावावा? नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी हा वाद रंगतो, आणि तो काढला बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांनी. त्यांचा लाडका डेरिक रोझ. शिकागोत वाढलेला, शिकागो बुल्सकडून खेळलेला, २०११ मध्ये अवघ्या २२ व्या वर्षी एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिलला, त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. मग एकामागून एक शस्त्रक्रिया. पोरं म्हणतात, ‘‘काका, गुडघा शाबूत असता ना, तर...’’

मी त्यांना तिथेच थांबवतो. ‘असता तर’च्या हिशेबात कुणीही महान ठरतो, कारण न झालेल्या खेळाचे आकडे आपणच भरत असतो. म्हणून आधी जर-तर वजा करावं आणि मग खाली काय उरतं ते बघावं. रोझच्या खात्यात ते २०११ साल उरतंच, शिवाय ३१ ऑक्टोबर २०१८ ची रात्र उरते. त्या रात्री मिनेसोटाकडून त्याने ५० गुण केले आणि सामना संपल्यावर त्याला रडू आवरलं नाही. त्याच्यावर जीव लावायला एवढं पुरे आहे.

पोरांना मी क्रिकेटमधले नरी कॉन्ट्रॅक्टर सांगतो. १९५९ मध्ये लॉर्ड्सवर बरगड्या मोडलेल्या अवस्थेत या माणसाने ८१ धावा केल्या. १९६१-६२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली, २-० अशी. लगेच वेस्ट इंडिजचा दौरा लागला. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. कॉन्ट्रॅक्टर तेव्हा २८ वर्षांचे. कसोटी सामने ३१, शतक एक. आकडे तिथेच थांबले. कप्तानी २१ वर्षांच्या पतौडींकडे गेली, आणि पतौडींच्या स्वतःच्या एका डोळ्याची नजर आदल्याच वर्षी मोटार अपघातात गेलेली होती. कॉन्ट्रॅक्टर वाचले. डोक्यात धातूची पट्टी घेऊन ते पुन्हा प्रथम श्रेणी क्रिकेट खेळायला उभे राहिले. ती पट्टी काढली थेट २०२२ मध्ये. साठ वर्षं! कसोटी संघात मात्र त्यांना परत घेतलं नाही.

त्या दिवसांत त्यांना रक्त दिलं ते प्रतिस्पर्धी कप्तान फ्रँक वॉरेल यांनी, आणि आपल्या चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी यांनी. बापू नाडकर्णी म्हणजे सलग २१ षटकं निर्धाव टाकणारे. जन्म नाशिकचा, १९३३ चा. ट्रॅकवरच्या पोरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोष त्यांचा नाही, आपण सांगितलंच नाही.

माझी खरी परीक्षा होते सलील अंकोलापाशी. सोलापूरचा वेगवान गोलंदाज. १५ नोव्हेंबर १९८९, कराची. त्याच कसोटीत सचिन तेंडुलकर आणि वकार युनूसही पहिल्यांदा उतरले. अंकोलाची ती पहिली कसोटी आणि शेवटचीही, बळी दोन. पुढे तो एकदिवसीय संघात परतला, २० सामने खेळला, १९९६ च्या विश्वचषक संघातही होता. १९९७ मध्ये नडगीच्या हाडात गाठ निघाली आणि २८ व्या वर्षी खेळ संपला. योगायोग बघा, कॉन्ट्रॅक्टर यांचंही तेच वय.

ट्रॅकवरचे एक निवृत्त बँक अधिकारी मला म्हणाले, ‘‘तुमच्याच नियमाने बघा. उरलं काय?’’ उरलं रणजी क्रिकेट. आधी महाराष्ट्राकडून, मग मुंबईकडून, रिकाम्या स्टँडसमोर, निर्जीव खेळपट्ट्यांवर त्याने उन्हातान्हात टाकलेली षटकं. ती टीव्हीवर दिसली नाहीत म्हणून शून्य धरायची? वेगवान गोलंदाज दर चेंडूला पुढचा पाय आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर येतो. हे वर्षानुवर्षं करणाऱ्याचं देणं फक्त कसोटीच्या तक्त्यात मोजणं मला अन्यायाचं वाटतं. तो महान झाला असता, असं मी कधीच म्हणणार नाही. तरी माझ्या यादीत तो आहे आणि राहील.

निष्ठा दाखवायची कशी, हेही पोरांनी विचारलं. पहिलं उत्तर सोपं आहे: याच गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. दुखापतीतून सावरून कुणी पहिला स्पेल टाकत असेल, तेव्हा तिथे जाऊन बसावं. दुसरं उत्तर बंगालकडून घेण्यासारखं आहे. तिथली क्रिकेट संघटना दरवर्षी ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नावाने रक्तदान शिबिर घेते. बापूंचा जन्मदिवस ४ एप्रिल. त्या दिवशी नाशिकमध्ये मैदानाशेजारीच रक्तदान व्हावं, असं मी ट्रॅकवरच्या मंडळींना सुचवलं आहे. बास्केटबॉलवाल्या पोरांनी सर्वांत आधी नावं दिली.