फडातल्या लेकरांचे हृदय हंगाम संपण्याची वाट पाहणार नाही

दसरा-दिवाळी आली, की बीड जिल्ह्यातील तांडे, वस्त्या, बौद्धवाड्या ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. अंगावरचे पोरही सोबत जाते. त्या पोराच्या हृदयात जन्मतःच दोष असेल तर?

साधारण शंभरात एका बाळाला असा दोष असतो. काहींत, क्वचितच, महाधमनी आणि फुफ्फुसधमनीची जागाच उलटी असते. बाळ निळे पडते. त्या वाहिन्या योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया सहसा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल तर बाळ सुरुवातीला निळे दिसतही नाही. दूध पिताना दमते, घामाघूम होते, वजन धरत नाही. 'अशक्त आहे' म्हणून सोडून दिले, तर फुफ्फुसातील दाब कायमचा वाढू शकतो. मग छिद्र बुजवण्याची वेळही निघून जाते.

योजना नाहीत असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. महात्मा फुले यांच्या नावाच्या योजनेतून बालकांच्या हृदयशस्त्रक्रियाही होतात. पण तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणार आणि लेकरू अर्धे वर्ष फडात असणार! (ऊसतोड बायांची गर्भाशये काढल्याने 2019 मध्ये हाच जिल्हा देशभर गाजला. त्या शस्त्रक्रियेला कुणाला मुंबई गाठावी लागली नव्हती.)

पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम 21 चा भंग आहे. पैसा नाही ही सबब चालणार नाही. तो हकीम शेखही शेतमजूरच होता. आमच्या लेखी त्या निकालात 'वेळेवर' हा शब्द कळीचा आहे.

तेव्हा बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळाच्या उजव्या हाताचा आणि पायाचा ऑक्सिजन मोजा. निळे पडणारे पुष्कळ दोष त्यातून लवकर कळतात. कोरोनाने ऑक्सिमीटर खेडोपाडी ओळखीचा केलाच आहे, नवजाताच्या मापाचा सेन्सर तेवढा हवा. हंगामात पथके कारखान्यांवर, थेट कोप्यांपर्यंत पाठवा. आणि पोराला घेऊन मुंबई-पुण्याला गेलेल्या आई-बापाचा खाडा मुकादम उचलीत चढवतो, तो गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने भरावा.