घंटी आणि टेबल

गेल्या फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला सुरतेस जाऊन आलो. बहीण कतारगामात राहते. हिऱ्यांचा भाग. भाच्याचा एक मित्र कारखान्यात आहे, त्याने आत नेऊन दाखवले. एका घंटीभोवती चौघे. (घंटी म्हणजे आपल्या देवळातली नव्हे हं, पैलू पाडायची फिरती चकती.) नवा पोरगा जुन्या कारागिराला खेटून बसलेला, नजर त्याच्या हातावर. फळा नाही, पुस्तक नाही.

त्याच रात्री भाच्याने विचारले, "मामा, मला अधिकारी व्हायचंय. शिकायला कुठे जाऊ?"

मी माहिती दिली. पुण्यात एमआयटीचे स्कूल ऑफ गव्हर्नमेंट आहे, 2005 सालचे. आमच्या गोवा विद्यापीठात मनोहर पर्रीकरांच्या नावाचे कायदा, प्रशासन आणि लोकधोरणाचे विद्यालय आहे. मला अशा विद्यालयांचे कौतुक आहे. शिकवणी वर्ग परीक्षा पास करायला शिकवतो, विद्यापीठ निदान कामाचा विचार करायला शिकवू शकते. पण तो कारखाना काही डोक्यातून जाईना.

मी बी.ए. झालेला साधा कारकून. बावीस वर्षे फायली वाहतोय. एकदा आमच्याकडे नवे साहेब आले होते, हुशार, कायदा तोंडपाठ. समोर एक म्हातारी, मुंडकाराचा अर्ज घेऊन. 1975 चा मुंडकार कायदा साहेबांनी तिला कलमांसकट समजावला, तोही इंग्रजीत! तिने सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "बाबा, हांव मरचे आदीं घर म्हज्या नांवार जातलें?" साहेबांना उत्तर येत नव्हते असे नाही. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

गंमत बघा, हे कंपनी सरकारला कळले होते. 1800 साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघाले ते गोऱ्या पोरांना इथल्या भाषा शिकवायलाच. विल्यम कॅरी तिथे मराठी शिकवायचा, वैजनाथ पंडित मदतीला. त्याचे मराठी व्याकरण 1805 चे. हेतू राज्य करण्याचा होता, सेवेचा नव्हे, मान्य! पण रयतेचे बोलणे कळल्याशिवाय साहेब खुर्चीत शोभत नाही, एवढी अक्कल व्यापाऱ्यांना होती. आमच्याकडे 1987 पासून राजभाषा कायदा आहे, कोकणी आहे, मराठीलाही जागा आहे, आणि आमच्या कचेरीतली टिपणी अजून इंग्रजीतच.

म्हणून वाटते, या विद्यालयांनी धोरण, घटना, अर्थशास्त्र जरूर शिकवावे. पण सहा महिने पोरांना मामलेदार कचेरीतल्या टेबलाला बसवावे. पाहुणे म्हणून नव्हे, हाताखाली. एक-चौदाचा उतारा वाचता येतो का, नाव चुकलेल्या माणसाला परत न पाठवता काय करता येते, हे बघावे. आणि त्याचे गुण धरावेत, नाहीतर पोरे दुपारी चहाला जातील ती येणारच नाहीत. (कारकुनाच्या हाताखाली बसायचे म्हटल्यावर किती पालक फी भरतील, ही शंका मलाही आहे.)

निघताना भाच्याला म्हटले, फॉर्म भरण्याआधी तिथल्या मामलतदार कचेरीत एक दिवस नुसता बसून ये.

आठवड्याने फोन आला. "मामा, तीन तास बसलो. एका आजोबांना लिहिता येत नव्हतं, त्यांचा अर्ज मीच लिहिला. गुजरातीत. दोनदा खोडावा लागला."