गाडी नाही म्हणून गड नाही?

"सर, आमच्याकडे गाडी नाही." लोहगडचा विषय निघताच आठवीतली एक मुलगी म्हणाली. तिचे अब्बा चाकणच्या कारखान्यात गाड्यांचेच सुटे भाग बनवतात!

मग आम्ही आकुर्डीहून लोकलने मळवली गाठली. पुढे भाजे गाव, दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी लेणी, गायमुख खिंड आणि गड, सगळं पायी. पावसाळी रविवार होता. रस्त्यात अडकलेल्या मोटारींच्या शेजारून मुलं हसत पुढे गेली.

२०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आता वाहनतळ वाढवण्याआधी दुपारच्या लोकल वाढवा, सुट्टीच्या दिवशी मळवलीहून लोहगडवाडीपर्यंत बस सोडा. वारसा सगळ्यांचा असेल, तर वाट फक्त गाडीवाल्यांची कशी?