सरड्याची धाव दवाखान्यापर्यंत

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं आपण येताजाता म्हणतो. पण तोच सरडा आजारी पडला तर? मैत्रिणींनो, हसू नका. महाड एमआयडीसीच्या वसाहतीत, बिरवाडीत किंवा पोलादपूरच्या एखाद्या वाडीत हा प्रश्न कुणाच्याही दारात येऊ शकतो. मुलं कुंपणावरचा सरडगुहिरा उचलून आणतात. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा हा शॅमेलिऑन मग बुटांच्या खोक्यात मुक्कामाला येतो. चार दिवसांनी त्याच्या अंगावर पांढरे पापुद्रे किंवा काळे चट्टे दिसतात. मुलं रडवेली, नवरा शिफ्टला गेलेला, आणि सगळे बघतात आईच्या तोंडाकडे!

हळद, खोबरेल, कडुनिंबाचा पाला... आईचा हात आपोआप तिकडेच जातो. इथे मात्र तो आवरायला हवा. सरडगुहिरा कात टाकतो, तीही सापासारखी अखंड नाही, तुकड्यातुकड्यांनी. म्हणजे पापुद्रे दिसले की आजारच असतो असं नाही. ते ओढून काढले, तर खालची कोवळी कातडी फाटते. तो घाबरला किंवा गारठला तरी काळसर पडतो. पण न जाणारा काळा डाग, सूज, जखम, बोटांना नाही तर शेपटीला आवळून बसलेली जुनी कात, ही खऱ्या दुखण्याची लक्षणं. पुष्कळदा त्याचं मूळ त्या खोक्यातच असतं. कोरडी हवा, उन्हाचा अभाव आणि चुकीचं खाणं.

गोठ्यातलं औषध लावून बघू, हा विचार तर नकोच. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. गोचिडांसाठी जनावरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेततं. गुरांच्या दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकने तर मेलेली गुरं खाणारी गिधाडं संपत आली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या महाडची ‘सीस्केप’ संस्था गिधाडांसाठी काम करते, तेव्हा हा धडा आपल्याला नवा नाही.

मग डॉक्टरकडे का नेत नाहीत? एक तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांसाठी. तिथल्या डॉक्टरांना सरडा रोज कुठे बघायला मिळतो? दुसरं कारण भीतीचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरडगुहिरा पाळणं गुन्हा आहे. विचारायला गेलो आणि आपल्यावरच शेकलं तर? या धास्तीने घरातले गप्प बसतात आणि तो मुका जीव खोक्यातच मरतो.

दुखणं लपवणं आपल्याला नवीन नाही. स्वतःच्या अंगावर चट्टा उठला तरी हळद चोपडून कामाला लागणाऱ्या आपण! ‘एवढ्याशासाठी कशाला डॉक्टर?’ हे वाक्य आपण इतकं ऐकलंय, की तेच दुसऱ्या जिवालाही लावतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सरडा पाळू नये, मुलांना पाळू देऊ नये. पण आजारी, जखमी सापडलाच तर लपवूही नये. वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक त्यासाठीच आहे. त्यांची माणसं येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात एक फांदी घालून तो सावलीत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. तो वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. तेव्हा पानांवर थोडं पाणी शिंपडलं की पुरे. तो विषारी नाही, त्यामुळे दगड उचलायचंही कारण नाही.

आणि ग्रामसभेत एक मागणी करू या. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारावर ठळक लिहावा. आपल्या डॉक्टरांनाही वन्यजीवांच्या उपचाराचं थोडं प्रशिक्षण मिळावं. खर्च फार नाही. पण मग सरड्याची धाव कुंपणावर अडणार नाही, दवाखान्यापर्यंत जाईल.